बंदीच्या पहिल्या सकाळचा कटला

उजनी धरणाच्या पाण्यात, पळसदेवच्या काठाला, भिमाआबांनी चाळीस वर्षे जाळे टाकले. खांदे झिजले, नजर झिजली, बोटे तर अशी आखडली की जाळ्याची गाठही आता मारता येत नाही. घरात उरले एकच जाळे, पत्नी फुलाबाईंनी विणलेले. ते जाळे गेले की होडी काठावर पालथी पडणार, हे दोघांनाही ठाऊक होते.

मध्यंतरी धरणात अनाचार माजला होता. कुणी मच्छरदाणीसारख्या बारीक जाळ्यांनी बोटाएवढी पिल्ले उपसली, कुणी पाण्यात विजेचा करंट सोडला. पाणी माशांवाचून रिते होऊ लागले, तेव्हा मच्छीमार सोसायटीने ठराव केला: ज्याच्या घरातून, म्हणजे भोकातून, चार बोटे जातील असेच जाळे वापरायचे, आणि मासा अंड्यावर असतो त्या महिन्यांत मासेमारी बंद. बंदीत सापडलेला मासा जिवंत सोडायचा. ठरावाला पहिला हात वर झाला तो आबांचा.

यंदा बंदीच्या आदल्या दिवशीच पाण्यातले जाळे काढून घ्यायचे होते. आबांची कंबर धरली. "सकाळी काढू," म्हणून ते आडवे झाले. एवढीच चूक.

सकाळी मेव्हणा गोकुळ वल्ह्यावर, आबा जाळ्यावर. चार हात जाळे वर आले आणि होडीच ओढली जाऊ लागली. आबांनी दोर सैल सोडला. मोठा मासा ओढायचा नसतो, थकू द्यायचा असतो. तासाभराने थकला तो, थकले आबाही. वर आला तीस किलोचा कटला, पोट अंड्यांनी टच्च. आबांनी डोक्याचा पटका भिजवून त्याच्या डोळ्यांवर टाकला. अंधार होताच ते धूड निवले.

"दाजी, पटका कशाला? नवरदेव हाय का त्यो?"

"नवरदेव न्हाय गोकुळ. बाळंतपणाला आलेली हाय."

"मग घ्या की घरी! जलमात आसला घावला न्हाय तुमाला."

"बंदी लागलीय."

"जाळं कालचं हाय. मासा बी कालचाच म्हना."

"तिला इचार, कवा घावली ती."

गोकुळ हसत पुढे वाकला, तर जाळे कल्ल्यांत तीन वेढ्यांनी रुतलेले. ओढावे तर कल्ले फाटणार, मासा मरणार. सोडवायचे तर जाळेच कापायला हवे.

"दाजी, हे कापलं तर परत हितं कशानं येनार? गाठ तरी मारता येती का तुमाला?"

ज्याने पहिला अवतार पाण्यात घेतला, त्या नारायणाचे आबांनी नाव घेतले आणि विळा चालवला. एक घर, दुसरे घर, दहावे घर. मग दोन्ही हातांनी तिला पाण्यात मागेपुढे हलवत राहिले, तान्ह्याला जोजवावे तसे. शेपटी एकदा हलली आणि ती गेली, पटक्यासकट.

घरी फुलाबाईंनी जाळे अंगणात पसरले. मधल्या भोकातून माणूस आरपार गेला असता.

"एवढा मासा व्हता?"

"व्हय."

"माझी गाठ सुटली व्हय?"

"एक बी न्हाय. कापायला लागलं."

फुलाबाईंनी त्या भोकाच्या कडा बोटांनी चाचपल्या. "नजर न्हाय ऱ्हायली माझी," त्या म्हणाल्या, "दिसाला ईतभर झालं तर झालं. धरा."

आबांनी पाय लांब केला, जाळ्याचे टोक अंगठ्यात अडकवून ताणले. फुलाबाईंना सुईत दोरा ओवायलाच वेळ लागला. पहिली गाठ बसली तेव्हा आबा बसल्या जागी झोपले होते, पाय मात्र तसाच ताणलेला.