झुनिल्दा वहिनी आणि समोरच्या घरातली पोर

झुनिल्दा वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, आन्सेल्मोची बायको. नदीकाठच्या आमच्या गावात, घराच्या पुढच्या खोलीत तिचं केस कापायचं दुकान होतं. एक फिरती खुर्ची, एक आरसा, भिंतीवर कुरकुरणारा पंखा. वहिनी तोंडाची फटकळ. "तुझ्या केसांना तेल नाही आणि नवऱ्याला अक्कल नाही, आज एकाचा तरी बंदोबस्त करू," असं ती कुणालाही सुनवायची आणि बायका खिदळत पुन्हा यायच्या. अशा बाईचं बोलणं त्या वर्षी हळूहळू आटत गेलं. मी शेजारीच राहते, रोज बघत होते.

समोरचं घर दोन्या, म्हणजे बाईसाहेब, एर्मेलिंदाचं. बाजारात तिचं कापडाचं दुकान, चर्चच्या गायनात पुढचा मान, कुणाकडे मयत झाली तर सर्वात आधी कोसिदोच्या गरम काढ्याची किटली घेऊन पोचणारी हीच. वहिनीच्या लेकीच्या, मिर्ताच्या बाप्तिस्म्याला ती धर्ममाता झाली होती, म्हणून दोघी एकमेकींना 'कोमाद्रे' म्हणायच्या. हे नातं आमच्याकडे सख्ख्या बहिणीपेक्षा उणं धरत नाहीत. मिर्ता दर रविवारी दुपारी धर्ममातेकडे केक खायला जायची.

त्या साली एर्मेलिंदाने आतल्या मुलखातून एक पोर आणली. नाव सेल्सा. दहा-अकराची असेल. 'शिकायला ठेवली' म्हणतात याला. आईबापांनी पोर गावातल्या बऱ्या घरी द्यायची, घराने तिला खाऊपिऊ घालून शाळेत धाडायचं, आणि पोरीने हाताखाली थोडी मदत करायची. ती थोडी मदत उजाडायच्या आत सुरू होते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण अशी पोर अर्ध्या गावाच्या घरात होती. कोण कशाला बोलणार?

सुरुवातीला सेल्सा फुटपाथ झाडताना दिसायची. वहिनी इकडून ओरडायची, "ए चिमणे, माझ्या दारापर्यंत ये की झाडत!" आणि पोर तोंड लपवून हसायची. शाळा उघडली. मिर्ता पांढरा झगा घालून निघाली. सेल्साच्या हातात झाडूच राहिला.

मग एके सकाळी एर्मेलिंदाच तिला दंडाला धरून दुकानात घेऊन आली.

"कोमाद्रे, हिचे सगळे केस काढ. मुलासारखे. उवांनी नुसता वात आणलाय."

वहिनीने पोरीला खुर्चीत बसवलं. कंगवा उचलला तशी सेल्साने दोन्ही हात डोक्यावर घेतले. सहज, कुणी अंगावरचा डास मारावा इतक्या सवयीने. मी बाकावर बसले होते.

वहिनीने केस भांग पाडून पाडून पाहिले. ऊ नव्हती, लीख नव्हती. कानामागे मात्र नाण्याएवढा भाग केसांविना होता, तिथे खपली धरलेली. पलीकडे आणखी एक, जुना, चकचकीत झालेला. कानाची पाळी मुळाशी फाटून सुजली होती.

"हे कशाने ग, बाळा?" वहिनीने गुआरानीत विचारलं. पोरीची भाषा तीच.

"आंब्याच्या झाडावरून पडले." प्रश्न संपायच्या आत उत्तर आलं. तेही स्पॅनिशमध्ये, पाठ केलेलं.

"माकड आहे नुसती," एर्मेलिंदा हसली. "कितीदा सांगितलं चढू नकोस. आणि तिच्याशी गुआरानी बोलू नकोस ग कोमाद्रे, मग ती शिकणार कशी?"

वहिनीने कात्री उचलली. केस कापले, जखमेला हात न लावता. त्या दोघी गेल्यावर खुर्ची झाडत म्हणाली, "एर्मेलिंदाच्या अंगणात आंबा आहे का ग?"

नव्हता. आम्हा दोघींना ते माहीत होतं.

दोन-तीन दिवस वहिनी स्वतःशीच वाद घालत राहिली. "मुलं पडतात. मीही मिर्ताला कधी धपाटा घालते." मग थोड्या वेळाने, "पण धपाट्याने केस उपटत नाहीत." शेवटी तिने आन्सेल्मोला सांगितलं. माझा भाऊ मनाने चांगला, पण त्याच्या पोटात काही राहत नाही. दुसऱ्याच दिवशी एर्मेलिंदाच्या नवऱ्याबरोबर तेरेरेचा थंड काढा पिताना तो बोलून गेला, "तुमच्या पोरीला बरंच लागलंय म्हणे. झुनीला काळजी वाटते."

त्यानंतर सेल्सा दिसेनाशी झाली.

फुटपाथ आता एर्मेलिंदाचा नवराच झाडायचा, खाली मान घालून. रस्त्याकडच्या खिडक्यांची दारं बंद झाली. आणि दुपारी, सगळं गाव जेवून आडवं झालेलं असताना, रस्त्यावर कुत्रंही नसताना, त्या घरात रेडिओ लागायचा. भजनं. एवढ्या मोठ्याने की आमच्या कपाटातल्या काचा थरथरायच्या. थोडा वेळ वाजायचा आणि एकदम बंद व्हायचा. ती शांतता रेडिओपेक्षा वाईट होती. उत्तरेचा गरम वारा सुटला होता. या वाऱ्यात माणसं चिडतात असं आम्ही म्हणतो. वहिनी दाराआड उभी राहून समोर बघत राहायची. मी म्हटलं, "झोपा की जरा." ती म्हणाली, "रेडिओ कशासाठी लावतात, ते डोक्यात आलं की झोप येत नाही."

त्याच आठवड्यात एर्मेलिंदा केस रंगवायला आली. सोबत घरचा केक. खुर्चीत बसली, डोळे मिटले.

"आन्सेल्मो फार बोलतो, नाही का?" ती म्हणाली.

वहिनी रंग कालवत होती. "बोलघेवडा आहे तो."

"लोकांच्या घरात डोकावणाऱ्याच्या दुकानात बायका डोकं द्यायला येत नाहीत, कोमाद्रे. मी तुझ्या भल्याचं सांगते." मग आरशातून वहिनीकडे बघत, अगदी गोड आवाजात, "सेल्सा तिच्या आईकडे गेली आहे. रविवारी मिर्ताला पाठव हं. माझी लेकच ना ती. तिला मी कुणासारखी वागवते, ते बघतेसच तू."

वहिनीचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. ती रंग लावत राहिली. रविवारी मिर्ताचं पोट दुखतंय म्हणून निरोप धाडला.

संध्याकाळी मिर्ता कुरकुरली. "माझं पोट कुठे दुखतंय? मला केक हवा होता. सेल्साला तर देतच नाहीत. मागच्या रविवारी मी तिला फटीतून दिला."

वहिनीने हातातलं ताट खाली ठेवलं. "कुठल्या फटीतून?"

"मागच्या धुण्याच्या खोपटाच्या. बाहेरून कडी असते ना. ती आत असते. तिचा वास येतो."

मिर्ताला यात काही विशेष वाटत नव्हतं. तीच गोष्ट वहिनीला सर्वात जास्त लागली. ती तिला रागावली नाही, पुन्हा पुन्हा विचारलंही नाही. जवळ घेऊन म्हणाली, "सांगितलंस ते फार चांगलं केलंस."

सकाळी दुकान न उघडता ती नगरपालिकेत मुलांसाठी असलेल्या कचेरीत गेली. मीही गेले. आन्सेल्मो दारात आडवा आला होता: "अगं, कोमाद्रे आहे ती तुझी! देवासमोर झालेलं नातं आहे."

"देवासमोर तिने पोरं सांभाळायचं वचन दिलं होतं," वहिनी म्हणाली, "आणि तू या वेळी तोंड उघडशील तर याद राख."

कचेरीत ओवेलार नावाच्या बाई होत्या. वहिनी खुर्चीच्या कडेवर बसली. "माझ्याकडे पुरावा काही नाही, बाई. चूक असेल तर?"

"पुरावा शोधणं आमचं काम," त्या म्हणाल्या. "तुम्ही काय पाहिलंत, काय ऐकलंत, तेवढंच सांगा. स्वतःचं काही जोडू नका. आणि त्या घरच्यांना काही विचारायला जाऊ नका."

"एकदा ते झालंय," वहिनी म्हणाली. "तेव्हापासून पोर दिसत नाही."

ओवेलारबाईंनी लिहिणं थांबवलं आणि फोन उचलला. दुसऱ्या टोकाला सरकारी वकील होते. बोलून झाल्यावर वहिनीकडे वळल्या. "तुमचं नाव आमच्याकडून बाहेर जाणार नाही. पण गाव लहान आहे. ती ओळखेल, हे मी लपवत नाही."

त्याच दुपारी, रेडिओ चालू असताना, ओवेलारबाई आणि पोलिसांची गाडी आली. आम्ही दाराआड होतो. एर्मेलिंदाने दार उघडलं, कॉलर नीट केली आणि हसून त्यांना आत घेतलं. बराच वेळ काहीच झालं नाही. वहिनीने माझा हात असा धरला होता की नंतर वळ उठले. मग रेडिओ बंद झाला. ओवेलारबाई पोरीला उचलून बाहेर आल्या. त्या उन्हातही तिला चादरीत गुंडाळलं होतं. पाय बाहेर लोंबत होते, काटक्यांसारखे. एर्मेलिंदा मागून आली, पोलिसांबरोबर, आणि गाडीत बसण्यापूर्वी तिने सरळ आमच्या दाराकडे पाहिलं.

सेल्सा वाचली. इस्पितळात बरेच दिवस होती. तिच्या दंडावर भाजल्याच्या खुणा होत्या, आणि हाड एकदा मोडून वाकडंच जुळलं होतं. तिची आजी आतल्या मुलखातून आली. म्हातारी वहिनीला म्हणाली, "आम्हाला वाटलं, पोर शिकतेय. दर वेळी फोनवर बाईच बोलायची. पोर झोपलीय म्हणायची." सेल्सा आता त्या आजीकडेच असते, आणि शाळेत जाते. वहिनी एकदा भेटायला गेली होती. पोर आजीच्या पाठीमागून बाहेर आली नाही. वहिनीला पाहिलं की तिला कंगवा आठवत असावा. वहिनी केक ठेवून परत आली.

आमच्या गावाने मात्र वहिनीला माफ केलं नाही. गिऱ्हाइकं तुटली. भिंतीवर कुणीतरी कोळशाने 'चहाडखोर' लिहिलं. खटला चालेपर्यंत एर्मेलिंदाला तिच्याच घरात राहायची परवानगी मिळाली, आणि रोज संध्याकाळी ती ओसरीवर खुर्ची टाकून आमच्याकडे तोंड करून बसायची. मिर्ता मागच्या दाराने ये-जा करू लागली. शेवटी शिक्षा झाली, एर्मेलिंदाला तुरुंगात नेलं, तेव्हाही शेजारणी म्हणाल्या, "एका पोरीपायी एवढी चांगली बाई!"

यंदा शाळा सुरू व्हायच्या आधी आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या घरापाशी एक गाडी थांबली. नव्याने राहायला आलेलं कुटुंब. मागून एक पोर उतरली, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पायात मोठ्या मापाच्या चपला. वहिनी कात्री ठेवून रस्त्यावर गेली. मी दारातून बघत होते.

"नाव काय तुझं?" तिने गुआरानीत विचारलं.

"रुमिल्दा."

"रुमिल्दा, मी झुनिल्दा. हे माझं दार. दिवसभर उघडं असतं." मग तिने घरच्या बाईकडे पाहिलं. "कुठल्या शाळेत घालताय हिला? माझी मिर्ता रोज सोबत नेईल. आणि हिच्या आईशी फोनवर हिलाच बोलू द्या हं, म्हणजे माउलीला घोर नको."

बाई हसली. "शाळेचं बघू की. आधी रुळू दे घरात."

तिने पोरीच्या खांद्यावर हात ठेवून तिला आत घेतलं आणि फाटक लावलं. वहिनी तिथेच उभी राहिली, आतली कडी सरकल्याचा आवाज येईपर्यंत.