नोंदीतलं नाव

मला असं काही लिहिता येत नाही, तरी माझ्या ऑफिसातल्या सीनियर दादांबद्दल लिहितोय, माफ करा. जुन्नरच्या ऑफिसात आम्ही द्राक्षांच्या शीतगृहाचा थंडावा राखणारा प्रोग्राम लिहायचो. कोणी काय बदललं, ते गिटमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या बदलांच्या नोंदवहीत, नावासकट राहायचं. बदल नोंदवायचं बटण दाबण्याआधी दादा बोट शर्टाला पुसत आणि म्हणत, "जुनी नोंद बदलायची नाय, भाऊ. लई मोठं पाप ते."

माझ्या एका चुकीच्या बदलामुळे पिंपळवंडीच्या शीतगृहातली द्राक्षं सडली. त्यांनी मला चहा सांगायला पाठवलं. परत आलो, तर त्या बदलापुढे त्यांचं नाव होतं.

"दादा, हे काय केलंत?"

"घरात पयला शिकलेला तू. गप बस, राव."

मी गप्प बसलो. सोमवारी कळलं, नोंद पाहून मालकांनी त्यांना काढलं. त्यांच्या खुर्चीवर आता मला बसवणार आहेत.