ऊन पाणी

ठाण्याच्या खाडीकाठी, कोपरीच्या बाजूला, मनुबाईचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. मासळी बाजारात तिच्याशी हुज्जत घालणारं गिऱ्हाईक आणि घरात तिला उलट उत्तर देणारी सून, दोन्ही अजून जन्माला यायची होती. सून मालन तर गरीब गाय. तोंड उघडायची ते "हो आय" म्हणण्यापुरतं.

जन्मभर बर्फात हात घालून मनुबाईची बोटं वाकडी झाली होती, गुडघे धरले होते. त्यावर तिचा एकच इलाज, भिवंडीपलीकडचा ऊन पाण्याचा झरा. दर माघात आळीतल्या बायकापोरांना गोळा करून ती एसटीने तिकडे न्यायची. अलीकडे तिथे कुणी झऱ्याचं पाणी नळाने आणून सिमेंटचे मोठे टब बांधले होते. शहरातली माणसं मजेखातर येऊन त्यात तासन्‌तास डुंबत. मनुबाईला टब काय नि कुंड काय, पाणी देवीचंच. आधी घोट घ्यायचा, मग अंग बुडवायचं, असा तिचा नेम होता.

१९८८ च्या फेरीला शेजारची कलावती तान्ह्या पोपटला घेऊन आली होती. पोराला सकाळपासून जुलाब होत होते, म्हणून बिचारी काठावरच बसून राहिली. ते मनुबाईला बघवेना.

"अगो, बघतंस काय? ऊन पान्यान बसव त्याला. पोट शेकंल, जुलाब थांबतील."

"पण मावशी, बाकीची पोरं आहेत ना टबात."

"देवीचा पानी हाय यो. ऊन पानी म्हंजे उकललेला पानी. काय होत नाय!"

कलावतीने पोराला टबात बसवलं. शेजारीच मालनची शालू पाय आपटत खेळत होती. चार वर्षांची, आजीच्या गळ्यातला ताईत. मनुबाईने त्याच पाण्याची ओंजळ तिच्यापुढे धरली. "घोट घे माजे बाय, तीर्थ हाय." शालू हसत हसत प्यायली आणि आणखी मागून प्यायली.

दोन दिवसांनी शालूला जुलाब लागले, त्यातून रक्त पडायला लागलं. मनुबाईने मुरडशेंग उगाळून चाटवली. मालन दवाखाना म्हणत होती, पण म्हणत होती ती हळू आवाजात. पोर निपचित पडली तेव्हा कुठे रिक्षा बोलावली. सलाईन लावलं, पण उशीर झाला होता. शालू गेली. पोपट मात्र घरच्या घरी बरा झाला.

दुःखाला कुणीतरी गुन्हेगार लागतो. येताना एसटी स्टँडवर मालनने शालूला बर्फाचा गोळा घेऊन दिला होता, तेवढं आळीला पुरलं. आणि सगळ्यांच्या आधी मनुबाईच म्हणाली, "तूच खाल्लीस माझे नातीला."

मालन म्हणाली, "हो आय."

मग फेरीला आलेली आळीतली आणखी दोन पोरं आजारी पडली. ती वेळेवर दवाखान्यात पोचली म्हणून वाचली. डॉक्टरांनी फेरीची म्होरकी म्हणून मनुबाईला बोलावून घेतलं. सोबत मालनही होती.

"टबात कुणी जुलाब होणारं मूल होतं का?"

"व्हता येक. पन ऊन पानी म्हंजे उकललेलाच ना?"

"आजी, ऊन म्हणजे उकळलेलं नव्हे. आपण ज्या पाण्यात सुखाने बसतो, त्यात जंतू मरत नाहीत. ते पाणी तोंडात गेलं, की एकाच्या पोटातलं दुखणं दुसऱ्याच्या पोटात जातं."

"म्हंजे... त्यानंच गेली?"

"ते छातीठोक नाही सांगता येणार. टबातलं पाणी तपासलेलं नाही. गोळ्याचंही असू शकतं. पण या दोन पोरांनी गोळा खाल्ला नव्हता."

छातीठोक सांगता येणार नाही! त्या चार शब्दांच्या आड मनुबाईला जन्मभर लपता आलं असतं. मालन काही तोंड उघडणारी नव्हती. पण सुतक फिटलं त्या दिवशी म्हातारीने आळीतल्या बायका ओट्यावर बोलावल्या आणि उभं राहून सांगितलं, "गोल्याचा नाव कोनी काढायचा नाय. पोपटला टबान मी बसवाया लावला, शालूला पानी मी पाजला. मालनला जो बोलंल, त्याने माझे दारान यायचा नाय." एवढं बोलून ती ओट्यावर बसली. मालनने तिला पाणी आणून दिलं, तर म्हणाली, "उकलून आन."

तेव्हापासून तिने न उकळलेलं पाणी कधी तोंडात घेतलं नाही. देवळातलं तीर्थसुद्धा डोळ्यांना लावायची, ओठांना नाही. माघात ती झऱ्यावर जायची, पण टबाच्या काठावर बसून पोरांना पाणी पिऊ नका म्हणून ओरडायला. लोक तिला वेडी म्हणत. म्हणोत बापडे.

१९९७ साली तिचं सरत आलं. खाटेभोवती बायका जमल्या. कलावतीने बाटलीतलं गंगेचं पाणी चमच्यात घेऊन तिच्या तोंडाशी नेलं. मनुबाईने ओठ घट्ट मिटून घेतले. पुन्हा नेलं, पुन्हा तेच. बायका कुजबुजल्या, जीव कशात अडकलाय कोण जाणे.

मालनने चमचा काढून घेतला, गंगेचं पाणी पातेलीत ओतलं आणि स्टोव्ह पेटवला.

"अगं, आता मरताना काय उकळत बसलीस?" कलावती रडत म्हणाली.

मालनने पाण्याला खळखळून उकळी येऊ दिली, निववलं आणि सासूचं डोकं मांडीवर घेतलं.

"आय, उकळलंय."

मनुबाईने तोंड उघडलं.