नत्थुजीचा घसा आणि शेटजींचा नळ

नत्थुजी गावंडेला सगळं जमायचं, गप्प बसणं तेवढं जमायचं नाही. नांगरट, पेरणी, बैलाची पारख, यांत तो कुणाला हार जाणारा नव्हता. पण गावात कुणाकडे काय शिजलं, कुणाचं कुणाशी बिनसलं आणि कोण कुणाला पाहून का खोकला, हे सगळं आधी त्याला कळायचं आणि लगेच सगळ्यांना कळायचं. आमचं निंबोरा अकोल्याहून तेल्हाऱ्याला जाणाऱ्या गाडीवाटेवर आहे. वाटेवरचं गाव असल्यामुळे इथल्या बातम्या त्याच्या तोंडून दोन्हीकडच्या बाजारांत पोचायच्या. त्याला तोंडावर कुणी काही म्हणत नसे, कारण म्हणणाऱ्याचं दुसऱ्या दिवशी पारावर काय होणार हे ज्याला त्याला ठाऊक होतं.

त्याची बायको जमुना तेल्हाऱ्याची. बाई शहाणी, कामाला वाघीण, आणि बोलायची कमी. आता ज्या घरात नत्थुजी आहे तिथे दुसऱ्याने बोलायचं तरी कधी? म्हणून ती संध्याकाळी गोठ्यात जायची आणि धार काढता काढता म्हशीशी बोलायची. मनातलं सगळं सांगायची. एकदा नत्थुजीने दाराआडून ते ऐकलं. शहाण्या नवऱ्याने काय केलं असतं? मुकाट आत जाऊन चार शब्द विचारले असते. आमच्या नत्थुजीने पारावर जाऊन जमुनाची आणि म्हशीची, दोघींची नक्कल करून दाखवली. लोक पोट धरधरून हसले. दुसऱ्या दिवसापासून विहिरीवरच्या बाया जमुनाला विचारू लागल्या, "काय वं, मैस काय म्हने आज?" ती काही दिवस खाली मान घालून पाणी भरत राहिली आणि एका सकाळी गाठोडं बांधून माहेरी निघून गेली.

आणायला गेला होता की तो. मुद्दाम धुतलेलं धोतर नेसून तेल्हाऱ्याला गेला. सासऱ्यापाशी बसला, मेहुण्यापाशी बसला, शेजारीपाजारी गोळा झाले, अकोल्याच्या बाजारातल्या बातम्यांना नुसता ऊत आला. संध्याकाळी गाडी जुंपून परत निघाला आणि अर्ध्या वाटेवर आल्यावर त्याच्या ध्यानात आलं की जमुनाला विचारायचं राहूनच गेलं. मागे फिरायची त्याला लाज वाटली. त्या रात्री घरी आल्यावर बोलायला कुणी नव्हतं, आणि ते त्याला पहिल्यांदाच बोचलं. भाकरी करपली, दूध उतू गेलं, आणि या दोन्ही गोष्टी सांगायच्या तर कुणाला, हा प्रश्न उभा राहिला.

ही गोष्ट अमेरिकेतल्या लढाईच्या वेळची. तिकडे माणसं एकमेकांवर गोळ्या झाडत होती म्हणून इकडे आमच्या कापसाला सोन्याचं मोल आलं होतं. वऱ्हाडात ज्याच्या त्याच्या बैलाच्या शिंगांना पितळी टोप चढले. या धामधुमीत मुंबईच्या एका शेटजींनी आमच्या गावाबाहेर वाटेला लागून जागा घेतली. तिथे वाफेवर चालणारं सरकी काढायचं यंत्र बसणार होतं. पण यंत्राच्या बंबाला पाणी लागतं गोडं, आणि आमच्याकडच्या विहिरींचं पाणी असं खारट की वरणात मीठ घालताना बाया विचार करतात. तेव्हा शेटजींनी ठरवलं की जमिनीत खोल भोक पाडून खडकाखालचं पाणी काढायचं.

खडकात भोक पाडायला मोठी पहार होती. पण खडकापर्यंत पोचायचं कसं? वर काळी माती, खाली पिवळी, तिच्याखाली भुसभुशीत रेती. भोक पाडलं की बाजूने माती ढासळून बुजायचं आणि खारं पाणी आत शिरायचं. म्हणून आधी लोखंडी नळ ठोकत ठोकत खडकावर नेऊन टेकवायचा, आतली माती झडपेच्या बादलीने उपसायची, आणि मग त्या नळातून पहार सोडायची. नळ ठोकण्यासाठी सागाच्या तीन वाशांची उंच तिवई उभारली, तिला कप्पी बांधली, कप्पीवरून दोर, आणि दोराला भला मोठा लोखंडी ठोकळा. गड्यांनी मिळून दोर ओढायचा, ठोकळा वर जायचा. सगळ्यांनी एकदम सोडायचा, ठोकळा नळाच्या डोक्यावर धप्पकन आदळायचा. की नळ बोटभर खाली.

या कामावर देखरेखीला पुण्याचे मोरोपंत आले होते. पगडी, छत्री, आणि नळ सरळ आहे की नाही हे बघायचा ओळंबा, एवढा त्यांचा संसार. माणूस सज्जन, पण आमची बोली ऐकली की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. त्यांना वाटायचं आम्ही भांडतोय. आम्ही त्यांना जेवायला बोलवत असायचो.

कापसाच्या वेचणीतून गडी मिळेनात. नत्थुजी मात्र आपणहून आला आणि आपल्या ओळखीचे गडी घेऊन आला. गावाला वाटलं, याला नव्या ठिकाणी नव्या बातम्या हव्यात. खरं कारण त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, यावरूनच ते किती खोल होतं हे समजा. त्याचा मेहुणा गोवर्धन दर बाजाराला कापसाची गाडी घेऊन तेल्हाऱ्याहून अकोल्याला याच वाटेने जायचा. एखाद्या दिवशी त्या गाडीत जमुना बसलेली असेल, आणि आपण तिला दिसू, एवढीच त्याची आशा होती.

दोर ओढायला ताल लागतो. एकाने हाळी द्यायची आणि बाकीच्यांनी 'हय्या' म्हणून ओढायचं. एक गडी जरी मागेपुढे झाला तरी ठोकळा तिरका पडतो आणि नळ कलतो. हाळी द्यायला नत्थुजीशिवाय कोण? पहिल्याच सकाळी त्याने सूर लावला:

"पाटलाच्या मिशीले लावलं लोनी!"

"हय्या!"

"चाटून गेली मांजर, पायलं नायी कोनी!"

"हय्या!"

गडी हसले आणि हसता हसता असे ओढले की ठोकळा कप्पीला टेकला. नळ सरसर उतरू लागला. मग रोज एकेकाचा उद्धार होऊ लागला. सूर्यभान पाटील तावातावाने आले, "अरे, शिमगा अजून लांब हाये, आतापासूनच काहून सुरू केलं?" म्हणून ओरडले. तेवढ्यात शेजाऱ्याचं नाव हाळीत आलं, आणि पाटील पुढचं ऐकायला खाली बसले.

मोरोपंतांचीही पाळी आली:

"पुन्याचे पंत बसले छत्रीखाली!"

"हय्या!"

"घामानं पगडी गळ्यात आली!"

"हय्या!"

पंत लालबुंद झाले. "अहो नत्थुजी, हे काय मांडलंय? काम करताना देवाचं नाव घ्यावं. उद्यापासून भजन म्हणायचं."

"पंत, भजनानं नळ नायी जात खाली," नत्थुजी म्हणाला.

"का नाही जाणार?"

दुसऱ्या दिवशी भजन सुरू झालं. गडी सगळे गावच्या भजनातले, डोळे मिटून रंगले. ठोकळा वर गेला. आणि पालुपद आलं. आता पालुपदाला काय करायचं असतं, हे आमच्या गावात पोरासोरांनाही माहीत आहे. सगळ्यांनी दोर सोडून दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या. मोरोपंत नेमके ओळंबा बघायला वाकले होते. ठोकळा त्यांच्या पगडीच्या अगदी कडेने गेला आणि त्यांच्या छत्रीचा पापड करून थांबला. पंतांनी चिपटलेली छत्री उचलून झटकली. मग म्हणाले, "नत्थुजी, तुमचं ते मांजराचंच म्हणा."

दिवस जात होते, नळाला नळ जोडला जात होता, आणि जमिनीत नळ जितका खाली गेला तितकी गावाची गुपितं वर आली. गोवर्धनची गाडी दर बाजाराला वाटेवरून जायची. नत्थुजी मान उंचावून बघायचा. गाडीत कापूसच असायचा. त्या दिवशी संध्याकाळी तो जेवत नसे.

मग एक दिवस नळ चिकट मातीच्या थरात शिरला आणि अडला. पंत म्हणाले, खडक आता हातभरच खाली असणार, ठोक्याचा आवाज बदलू लागलाय. पण थांबायचं नाही, कारण थांबलं की माती नळाला धरून बसते, मग तो खालीही जात नाही आणि वरही येत नाही, सगळी मेहनत पाण्यात. गडी सकाळपासून ओढत होते. त्यांचे हात सोलवटले होते. नत्थुजीचा घसा बसत चालला होता, आणि त्याहून वाईट म्हणजे त्याच्याकडच्या बातम्या संपल्या होत्या. पाटलाची मिशी तर आता कुणाला हसवेना. दोर सैल पडू लागला.

"नवं सांग नं कायतरी!" गडी ओरडले.

गावात एकच माणूस उरला होता ज्याच्याविषयी नत्थुजी कधी बोलला नव्हता. त्याने कपाळावरचा घाम पुसला आणि हाळी दिली:

"नत्थूच्या घरात चूल नायी पेटली!"

गडी चपापले. मग "हय्या!" आला, पहिल्यापेक्षा मोठा.

"बायको गेली, अक्कल नायी भेटली!"

"हय्या!"

"लोकायचं सांगतलं, घरातलं विकलं!"

"हय्या!"

"तोंड हाय फाटकं, कधी नायी झाकलं!"

"हय्या!"

हसू आणि घाम एकत्र वाहत होते, नळ बोटाबोटाने हलत होता. नत्थुजीने पुढची ओळ म्हणायला तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. पुन्हा उघडलं. नुसती हवा. गडी दोर धरून ताटकळले.

"थांबू नका! माती धरेल!" पंत ओरडत होते. त्यांनी स्वतःच 'पाटलाच्या मिशीला लोणी लावलं' असं काहीतरी म्हणून पाहिलं, पण त्यांच्या शुद्ध बोलण्यावर दोर काही हलेना.

वाटेवर गोवर्धनची गाडी कधीची उभी होती. ठोक्यांच्या आवाजाला बैल बुजले होते. आज गाडीत कापसाच्या शेजारी जमुना बसली होती, आणि तिने चुलीपासून फाटक्या तोंडापर्यंत सगळं ऐकलं होतं. ती उतरली. पदर कमरेला खोचला, तिवईपाशी आली, आणि नवऱ्याकडे न बघता खणखणीत आवाजात म्हणाली:

"नत्थुजीचं नाव घेते, दोर धरा ताठ!"

नवऱ्याचं नाव, आणि तेही भर पुरुषांत! पण उखाण्यात नाव घ्यायला कुणाची बंदी आहे? गड्यांनी दोर आवळला. मग तिवई हादरेल असा "हय्या!" उठला.

"बोलनाऱ्या तोंडाशी बांधली माही गाठ!"

"हय्या!"

"दिवसा थो बोलते गावासंगं, राती निस्तं घोरते!"

"हय्या!"

"माह्या मनात काय हाय, थे कोन इचारते!"

या ओळीला कुणी हसलं नाही. 'हय्या'सुद्धा हळूच आला. पण दोर ओढला गेला तो सगळ्यांच्या अंगातल्या ताकदीनिशी, ठोकळा कप्पीला लागला, सुटला, आणि आजवर धप्प म्हणणारा नळ ठण्णकन वाजला. खाली खडक होता. मोरोपंतांनी ओळंबा लावला, नळ सरळ होता, आणि त्या सज्जन माणसाने आनंदाने दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या.

नत्थुजी तिवईपाशी उभा होता. डोळे भरले होते. त्याला खूप सांगायचं होतं, पण सांगायला आवाज नव्हता.

"जमुने, चाल, बाजाराले उशीर होते," गोवर्धन गाडीवरून म्हणाला.

"तू हो पुढं, दादा. याह्यच्या घशाले काढा द्या लागते."

खडकात पहार सुरू झाली, पाणीही लागलं. ते गोडं निघालं की नुसतं कमी खारट, यावर निंबोऱ्यात अजून दोन पक्ष आहेत. मी त्यात पडत नाही.

घरी जमुनाने चूल पेटवली, आलं ठेचलं, आणि काढा उकळता उकळता बोलू लागली. आधी एखादंच वाक्य. समोरून काही उत्तर येईना, तेव्हा दुसरं. मग लग्नाच्या मांडवातला राग निघाला, विहिरीवरची लाज निघाली, एकटीने काढलेलं आजारपण निघालं. नत्थुजी भिंतीला टेकून ऐकत होता. इतकी वर्षं शेजारी झोपलेल्या बाईला एवढं बोलायचं होतं, याची त्या मोठ्या बातमीदाराला बातमीच नव्हती. जेवताना ती बोलली, झाडताना बोलली. दुसऱ्या दिवशीही बोलली. तो फक्त मान हलवत होता. एकदा ती कशावर तरी हसली, तर तोही आवाजाविना हसला.

मग एका सकाळी अंगणात ज्वारी वाळत घातली होती, तिच्यावर शेजाऱ्याची बकरी आली. "हाड!" नत्थुजी ओरडला. आवाज कसा अगदी घंटेसारखा सुटला. त्याने स्वतःच दचकून इकडे तिकडे पाहिलं. वाटेवर कुणी नव्हतं. पारावर लोक जमू लागले होते, आणि सांगण्यासारखं त्याच्याकडे आता चिक्कार होतं.

तो आत आला. जमुना चुलीपाशी होती.

"घसा कसा हाये आता?" तिने विचारलं.

नत्थुजीने गळ्यावर हात ठेवला, चेहरा पाडला, आणि नाही म्हणून मान हलवली.

जमुनाने आधी दारातून दिसणाऱ्या बकरीकडे पाहिलं, नंतर त्याच्याकडे. मग काढ्याचा पेला त्याच्या हातात दिला, आणि काल जिथे सोडलं होतं तिथून पुढे सांगू लागली.