अकरा चिठ्ठ्या

मोठ्या कारखान्यांची मनापासून कीव करणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, तो म्हणजे माझ्या बायकोचा मामा. लांज्याला हायवेपासून जरा आत त्यांची काजू सोलायची पत्र्याची शेड, कामाला अकरा बायका. एवढ्या बळावर मामा निर्यातीच्या गप्पा मारत. पोलंडातली कम्युनिस्ट राजवट जाऊन दहा वर्षं उलटली होती, तरी ते ती बातमी आजच्या पेपरात आल्यासारखी सांगत. "जावईबापू, तिकडचे सरकारी हत्ती बसले. कुरण आता आपल्यासारख्या शेळ्यांना मोकळं!"

आलेल्या पत्राला त्याच दिवशी उत्तर, हा त्यांचा एक नेम. दुसरा नेम असा, की काजूगराच्या प्रत्येक डब्यात तो सोलणाऱ्या बाईच्या नावाची चिठ्ठी घालायची, तीही मराठीत. तिकडे कोण वाचणार, असं मी विचारलं तर म्हणाले, "नाही वाचलं तर नाही. आपलं नाव परदेशी जातंय हे बाईला ठाऊक असतं ना! मग गराचा तुकडा पडत नाही."

आणि अकरा डबे पोलंडला नमुन्याला गेल्यावर एक पोलिश व्यापारी खरंच लांज्यात उगवला. ऑर्डर हुकली तर शेडला कुलूप लागणार होतं. त्या धसक्याने मामा प्रथमच डगमगले. शेड भरलेली दिसावी म्हणून मामींनी, कार्याला पातेली उसनी आणतात तशा, वाडीतल्या तीस बायका आणून बसवल्या, आणि मामांनी ते चालू दिलं.

पाहुण्याने सगळीकडे पाहिलं, खिशातून अकरा चिठ्ठ्या काढल्या आणि माझ्या हातात दिल्या. मी शाळेत इंग्रजी शिकवतो, म्हणून दुभाष्या मीच. एकेक नाव वाचलं तशी सुगंधाबाईपासून एकेक बाई लाजत उभी राहिली. अकरा झाल्या. "बाकीच्यांची नावं?" त्याने विचारलं. मामा मामींकडे बघू लागले. तेवढ्यात मागची एक म्हातारी बोलली, "आमी हितं कामाला नाय हो. मामीनं नुसतं बसायला सांगितलान."

"सांगा त्याला," मामा उठून म्हणाले, "मी फसवत होतो. ह्या अकराच माझ्या."

मी सांगितलं. पाहुणा पोट धरून हसला. त्याची कंपनी म्हणजे तो, बायको आणि मेहुणा. मोठे निर्यातदार त्याच्या पत्राला उत्तरही देत नव्हते. ऑर्डर तिथेच ठरली. उसन्या बायका मात्र चहा घेतल्याशिवाय हलल्या नाहीत.

पाचेक वर्षं मामा रुबाबात होते. मग पाहुण्याची कंपनी एका बड्या कंपनीने घेतली आणि महिन्याला अख्खा कंटेनर मागितला. मामांनी त्याच दिवशी नकार कळवला. "हत्ती झाला बिचारा," एवढंच म्हणाले. माल आता मुंबईला जातो, शेड चालू आहे. पण दर मे महिन्यात अकरा डबे त्या माणसाच्या घरी जातातच.

गेल्या मेमध्ये मी गेलो तेव्हा सुगंधाबाई नव्हत्या, आधीच्या पावसाळ्यात वारल्या होत्या. त्यांच्या जागेवर मामा बसले होते आणि सवय नसलेल्या बोटांनी गर सोलत होते. बरेच तुकडे पडले होते. डबा भरल्यावर त्यांनी चिठ्ठीवर स्वतःचं नाव लिहिलं आणि मला विचारलं, "चालेल ना हो त्याला?" चालेल, म्हटलं.