लहानू पिक्चर थांबवायचा

लहानू गेल्याचं कळलं तेव्हा माझी अर्धी मिशी काळी आणि अर्धी पांढरी होती. दोन दिवसांनी एका लग्नात सूत्रसंचालन करायचं होतं, म्हणून डहाणूत, मसोलीच्या सलूनमध्ये खुर्चीत बसलो होतो. उजव्या बाजूला कलप लावून झाला होता आणि तेवढ्यात फोन वाजला. लहानूची नात, वनिता. सातवीतली पोर, पण फोनवरचा आवाज तलाठ्याचा. "काका, आजा गेला. सकाळीच. तुम्ही या. आणि रडत येऊ नका. आजाने सांगून ठेवलंय, नाटक्या आला तर त्याला सांगा, तुझं रडणं खोटं दिसतं." मी गळ्याभोवतीचं कापड काढलं आणि तसाच त्याच्या गावी, चिखल्याला गेलो. पाड्यावरच्या बायका रडता रडता माझ्या मिशीकडे बघत होत्या. एकीने पदर तोंडाला लावला, तो हुंदका दाबायला की हसू दाबायला, हे मला आजही सांगता येणार नाही. लहानू मात्र डोळे मिटून पडला होता. इतक्या वर्षांत माझ्या फजितीवर तो पहिल्यांदाच काही बोलला नाही... आणि मला रडू आलं. खोटं दिसलं असेल तर दिसो.

आठवड्याभराने गावात शोकसभा झाली. एक वक्ते म्हणाले, "लहानूकाका म्हणजे निसर्गाचं लेकरू. साधे, भोळे, निरागस." मी मागच्या बाकावर दात आवळून बसलो होतो. मेलेल्या माणसाला उलट उत्तर देता येत नाही, याचा लोक फार फायदा घेतात. म्हणून हा लेख. लहानू साधा नव्हता. भोळा तर मुळीच नव्हता. आणि निरागस हा शब्द त्याच्यासमोर कुणी उच्चारला असता तर काय झालं असतं, हे मला पक्कं माहीत आहे, कारण एकदा एका बाईंनी तो उच्चारला होता. ते पुढे सांगतो.

माझ्या वडिलांचं चिखल्याला किराणा दुकान होतं आणि लहानूचे वडील शेजारच्या चिकूच्या वाडीत फळं उतरवायला जायचे. लहानू माझ्याहून चार वर्षांनी मोठा, म्हणजे चोरीतला माझा गुरू. चिकूच्या चोरीबद्दल बाहेरच्या लोकांचा मोठा गैरसमज आहे. त्यांना वाटतं, चढा, तोडा, खा. अहो, तोडलेला चिकू दगडासारखा असतो आणि आत नुसता चीक. दात लावलात तर ओठाला ओठ चिकटतो. झाडावर पिकलेला एखादा असतो, नाही असं नाही, पण तो माणसाच्या आधी वटवाघळाला सापडतो. तेव्हा चोरी करायची ती अशी: नखाने फळावर बारीकसा ओरखडा काढायचा, आत हिरवं दिसलं तर सोडून द्यायचं, पिवळसर दिसलं तर तोडायचं. मग तो माल भाताच्या पेंढ्यात पुरायचा आणि पाच दिवस गप्प बसायचं. पाच दिवस! वाडीत बोभाटा झाला तर संशय पहिल्यांदा लहानूच्या वडिलांवर, त्यामुळे गप्प बसणं ही चैन नव्हती. मला ते कधीच जमलं नाही. दुसऱ्याच दिवशी मी पेंढ्यात हात घालायचो, कच्चा चिकू चावायचो आणि तोंड चिकटवून लहानूच्या दारात उभा राहायचो. तो शांतपणे माझ्या ओठांना खोबरेल चोळायचा आणि म्हणायचा, "चोरायला अक्कल नाय लागत, नाटक्या. थांबायला लागते."

पुढे मी डहाणूत नाटकं आणि निवेदनं करत फिरलो. लहानू वडिलांच्या जागी वाडीत लागला. तीस-पस्तीस वर्षं त्याने फळं उतरवली, आणि वाडीतला कुठला चिकू आज उतरवायचा आणि कुठला चार दिवसांनी, हे तो खालूनच सांगायचा. अशात तीनेक वर्षांपूर्वी पुण्याहून एक दिग्दर्शक मुलांचा चित्रपट करायला आमच्याकडे आला. गावाकडचं बालपण हा विषय. स्थानिक माहितगार म्हणून कुणीतरी माझं नाव सांगितलं. मला तर असं कुणी बोलावलं की पायात घुंगरूच बांधल्यासारखं होतं. मी त्याला वाडी दाखवली, लहानू दाखवला आणि लहानूमागे लपलेली वनिता दाखवली. तेव्हा ती चौथीत होती. सुट्टीला आलेल्या शहरी मुलाची गावातली मैत्रीण, हे काम तिला मिळालं.

चित्रपटातला मुख्य प्रसंग असा: दोघं झाडावर चढतात, वनिता चिकू तोडते, दोघं फांदीवर बसून तो खातात, रस हनुवटीवरून ओघळतो आणि मागे बासरी वाजते. त्यासाठी बाजारातून पिकलेले चिकू आणून काळ्या दोऱ्याने फांद्यांना बांधले होते. वनिता ते बघून थबकली.

"सर, असा नाय खात," ती म्हणाली. "तोंड चिकटतं."

"अगं, हा पिकलेला आहे."

"पण झाडावर नाय पिकत."

"सिनेमात पिकतो, बाळा."

सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने कोण हसलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. वनिताने खाली उभ्या असलेल्या आजाकडे पाहिलं. एवढी मोठी माणसं, एवढे दिवे, सगळे तिच्यासाठी खोळंबलेले... लहानूने मान खाली घातली आणि म्हणाला, "वनू, सर सांगतात तसं कर." तिने चिकू खाल्ला आणि कागदावर लिहिलेलं वाक्य म्हटलं, "किती गोड!" एका झटक्यात प्रसंग झाला. टाळ्या पडल्या.

डहाणूतल्या पहिल्या खेळाला शहरातून पाहुणे आले होते. बासरी वाजली आणि रुमाल निघाले. "आमचं बालपण असंच होतं हो," म्हणत माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. मीही रडलो, कबूल करतो. बासरीच तशी होती. बाहेर लहानू भिंतीला टेकून उभा होता. म्हणाला, "या सगळ्यांचं बालपण माझ्या वाडीत कवा झालं? मला एकपण दिसला नाय."

"आठवणी असतात रे माणसाच्या," मी म्हणालो.

"आणि तू कशाला रडलास? तुझं बालपण म्हणजे चिकटलेलं तोंड."

तेव्हा आम्ही दोघं हसलो. पण आठवड्याभराने तो माझ्याकडे आला तेव्हा चेहऱ्यावर हसू नव्हतं. वनिता शाळेत जाईना. सकाळ झाली की पोट दुखतं, दप्तर बघितलं की डोकं. फोनवर चित्रपटाचा तो तुकडा पाड्यापाड्यावर फिरला होता आणि तो बघून पोरांनी तिचं नाव ठेवलं होतं 'वाघूळ'. झाडावरचा चिकू खाणारी ती वाघूळच की! "ए वाघूळ, उलटी लटक ना!" जिच्या घरात तीन पिढ्या चिकू उतरवण्यात गेल्या, ती पोर सगळ्या जगासमोर चिकू कसा खातात ते माहीत नसल्यासारखी दिसली होती. शहरातल्या माणसाला यात काय वाटणार? पण कोळ्याच्या पोरीला पडद्यावर खवल्यांसकट मासा गिळताना दाखवा, आणि मग विचारा.

"तिला ठाऊक होतं," लहानू म्हणाला. "तिने सांगितलं. मी तिला गप्प केली. सरांनी नाय, मी."

"मीपण हसलो," मी म्हणालो.

"तू तर कशालापण हसतोस. पण मी तिचा आजा हाय."

त्यानंतरच्याच शनिवारी चिखल्याच्या शाळेत मुलांसाठी खेळ होता. खिडक्यांना चादरी आणि ताडपत्र्या लावून भरदुपारी अंधार केला होता. पुढे खुर्च्यांवर दिग्दर्शक आणि पाहुणे, मागे जमिनीवर पोरं. लहानू वनिताचा हात धरून आला आणि तिला घेऊन पोरांच्या मधोमध बसला. ती मान वर करेना. पडद्यावर फांदी आली, चिकू आला, बासरी सुरू झाली आणि मागून पहिली हाक आली, "वाघूळ!" लहानू उठला. चालत जाऊन पडद्यासमोर उभा राहिला. वनिताचा तो भला मोठा चेहरा, चिकूसकट, त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडला.

"थांबवा," तो म्हणाला.

मशीनवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी कुजबुजलो, "लहानू, खाली बस, पाहुणे आहेत."

"पाव्हण्यांसाठीच उभा हाय." मग तो पोरांकडे वळला. "ही वाघूळ नाय. हिने सांगितलं होतं, असा नाय खात. तिथे सगळी मोठी माणसं होती, आणि खरं बोलली ती एकटी. तिला गप्प बसवणारा मी. चिडवायचं तर मला चिडवा. बोला, काय नाव ठेवता?"

दिग्दर्शक उठला. माणूस सभ्य, आवाज मऊ. "लहानूकाका, तो प्रसंग प्रतीकात्मक आहे. गोडवा दाखवायचा होता."

लहानूने खिशातून त्याच सकाळी उतरवलेला चिकू काढला. "मंग खा गोडवा."

इथे मी दिग्दर्शकाला मानतो. त्याला नाही म्हणता आलं असतं. त्याने चिकू घेतला, कचकन चावा घेतला, दोनदा चघळला... आणि मग त्याच्या चेहऱ्याचं जे झालं ते करून दाखवायला मी आजवर रंगमंचावर धडपडतोय, जमत नाही. ओठ उघडेनात. तो "उं, उं" करत हात हलवू लागला. पोरांच्या हसण्याने एक ताडपत्री निसटली आणि वर्गात लख्ख ऊन आलं. कुणीतरी ओरडलं, "सर वाघूळ! सर वाघूळ!" शाळेतल्या बाई खोबरेल शोधायला धावल्या. आणि त्या गोंधळात वनिता उठून दिग्दर्शकाकडे गेली आणि मोठ्या माणसासारखी म्हणाली, "थुंकू नका सर, आणखी चिकटतं. तेल येतंय." सोमवारी तिचं पोट दुखलं नाही.

चित्रपट बदलता येण्यासारखा नव्हता, बनून गेला होता. पण त्यानंतर आसपासच्या शाळांमध्ये जिथे जिथे तो लागला, तिथे तिथे दिग्दर्शक स्वतः लहानूला बोलावून घ्यायचा. बासरी सुरू झाली की लहानू उजेडात जाऊन उभा राहायचा, "थांबवा" म्हणायचा आणि नखाच्या ओरखड्यापासून पेंढ्यातल्या पाच दिवसांपर्यंत सगळं सांगायचा. मग म्हणायचा, "आता लावा पुढे." सायवनच्या शाळेत पाहुण्या आलेल्या एका बाई गहिवरून म्हणाल्या, "काय ते दिवस! अशी निरागसता आता कुठे राहिली?" लहानू म्हणाला, "बाई, आम्ही चोरी करत होतो." त्या हसल्या. तो हसला नाही. "माझ्या बापाचं काम गेलं असतं. तरीपण केली. भूक होती आणि मजापण होती. दोन्ही लिहा, एकच नको." त्यांच्या हातात वहीबिही काही नव्हतं, पण त्यांनी मान डोलावली.

माझ्या मते लहानूचं सगळं म्हणणं त्यात आलं. बालपणाच्या आठवणीने गळा काढणाऱ्यांचा त्याला राग नव्हता, पण दुसऱ्याच्या बालपणाला कुणी आपल्या मनासारखी साखर लावलेली त्याला खपायची नाही. माझीही त्याने कधी गय केली नाही. शेवटचे दोन महिने तो खाटेवर होता, बोलताना धाप लागायची. मी जाऊन जुन्या गोष्टी रंगवून सांगू लागलो की हात वर करायचा. म्हणजे थांबव. "त्या वाडीला कुंपण नव्हतं. घालू नकोस." मी कुंपण काढायचो आणि पुढे जायचो. शेवटच्या भेटीत त्याने विचारलं, तलासरीच्या शाळेतला खेळ कधी आहे. मी म्हणालो, तू बरा झालास की. तो म्हणाला, "तेवढं थांबू नका. तू उभा राहा. पण लांबवू नको."

तो खेळ गेल्या आठवड्यात झाला. खिडक्या झाकलेल्या, वर्ग भरलेला, वनिता माझ्या शेजारी. आयुष्यभर माइकसमोर उभा राहिलेला मी, बासरी सुरू झाली तरी खुर्चीतच बसून राहिलो. पडद्यावरचा चिकू वनिताच्या तोंडाजवळ गेला. आता उठायलाच हवं होतं... माझ्या शेजारची जागा रिकामी झाली. वनिता उजेडात उभी होती, कमरेवर हात ठेवून, आणि तीन वर्षांपूर्वीची वनिता तिच्या अंगावर हलत होती.

"थांबवा," ती म्हणाली. मग वर्गाकडे बघून, "माझा आजा इथे येऊन सांगायचा, चिकू पेंढ्यात पाच दिवस ठेवायचा. ते बरोबर नाय. आजाला सगळं लांबवून सांगायची सवय होती. उन्हाळ्यात तिसऱ्या दिवशीपण होतो. दाबून बघायचा."

मी खुर्चीत ताठ झालो. मागच्या भिंतीजवळून एक पोरगा ओरडला, "चौथ्या दिवशी!"

"तुझ्या घरी होत असेल चौथ्या," वनिता म्हणाली. "पुढे ये आणि सांग."

तो आला. त्याच्यामागून दोन मुली आल्या, त्यांचं म्हणणं पेंढ्यापेक्षा तांदळाच्या डब्यात लवकर पिकतो. मशीनवाला माझ्याकडे वाकून म्हणाला, "काका, पुढे लावू का?"

"नको," मी म्हणालो. "त्यांचं होऊ दे."