मामांचे अंधाराचे चार दिवस

उसाला पाणी सोडण्याआधी आमचे मामा मूठभर माती दाबून बघायचे. तिचा गोळा झाला, म्हणजे ओल अजून आहे, की मोटर बंद. "मुळीला पान्याआधी हवा लागती," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. मातीत ओल आणि हवा दोन्ही बेतात असली की त्याला वाफसा म्हणतात; गावानं त्यांचं नावच 'वाफसा' ठेवलं होतं. अर्थात पाठीमागे, कारण मामा भलते तापट.

त्यांच्या गालात आतून कॅन्सरची गाठ निघाली तेव्हा पुण्याच्या डॉक्टरांनी उपचार समजावला. आधी शिरेतून औषध, चौथ्या दिवशी ते औषध जागं करायला गाठीवर लाल उजेड. पण तेवढ्यानं भागत नाही. रक्तातून ऑक्सिजन पोचला तरच गाठ मरते. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो. मामा म्हणाले, "म्हंजी वाफसा पायजे. कळलं." डॉक्टरांनी बजावलं, बिडीचा धूर रक्तातल्या ऑक्सिजनची जागा बळकावतो, आता एकही नको. आणि औषध अंगात असेपर्यंत उजेड टाळा, नाहीतर कातडी भाजेल.

उजेड टाळा! आमचं गाव शनीचं, घरांना दारंच नाहीत. तात्पुरती फळी ठोकू म्हटलं तर मामा उसळले, "बापानं न्हाई लावली, मी लावू व्हय?" शेवटी चौकटीला दोन गोधड्या टांगल्या आणि मी, त्यांची भाची, शाळेतून रजा घेऊन उंबऱ्यावर राखणीला बसले. दारच नाही म्हटल्यावर कोण ठोठावणार? "हाय का घरात?" म्हणत जो तो गोधडीला हात घालायचा आणि मी झटकन तो हात धरायचे. दुसऱ्या दिवशी मी चहा टाकायला गेले, तेवढ्यात म्हातारी चुलती गोधडी वर धरून मामांची विचारपूस करत उभी राहिली. संध्याकाळी उजेड पडलेलं मामांचं मनगट भाजल्यासारखं टरारून फुगलं.

मग मात्र त्यांचा धीर सुटला. हा माणूस कशाला भितो, हे मला ठाऊकच नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्या अंधारात त्यांनी माझा हात धरला. "पोरी, एकच दे. पुन्ना न्हाई मागनार." मामींनी बिड्या माझ्याकडेच लपवायला दिल्या होत्या. मी आधी नाही म्हटलं, दोनदा म्हटलं. मग दिली.

चौथ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "बिडी?" मामांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "न्हाई वढली." माझ्यासाठी खोटं बोलले ते. उपचार चालू असताना डॉक्टर मधेमधे दिवा बंद करत होते. गाठीतला ऑक्सिजन संपतो, तो परत येऊ द्यावा लागतो, म्हणाले. प्रत्येक वेळी मी मनात म्हणत होते, येऊ दे रे देवा, येऊ दे.

वरची गाठ गळून गेली. आम्ही पेढेही वाटले. तीन महिन्यांनी खोलवर थोडी उरलेली सापडली. "तिथवर ऑक्सिजन पोचला नसावा," डॉक्टर म्हणाले. परतताना गाडीत मामा हळूच म्हणाले, "लई खोल हुती ती. तू जिवाला लावून घिऊ नगं." त्यानंतर ऑपरेशन झालं, पण वर्षभरात मामा गेले.

डॉक्टरांचा नंबर अजून माझ्या मोबाईलमध्ये आहे. एका बिडीनं इतका फरक पडतो का, एवढंच विचारायचं आहे. ते 'हो' म्हणाले तर, या भीतीनं मी अजून फोन केलेला नाही.